मामाजींचा अंगठा

"रत्ना, इकडं ये वं. हे पांढरं काय हाये?"

मामाजी, म्हणजे माझे सासरे दौलतराव, नाण्यांचा संच दाराच्या उजेडात धरून बसले होते. धम्मदीपा दूध पिता पिता नुकतीच झोपली होती. तिला तशीच खांद्यावर टाकून मी गेले.

नातीच्या जन्मसालाचा हा संच मामाजींनीच हट्टानं अकोल्याच्या एका नाणेवाल्याकडून मागवला होता. पारदर्शक डब्यांत पाच नाणी, आरशासारखी लखलखीत. आला तेव्हापासून तो कितीही बघितला तरी मामाजींचं मन भरत नव्हतं. सारा जन्म गवंडीकाम केलेला माणूस.

"अर्ध्या रिठद गावाच्या भिंती लिंपल्या म्या, पण असा गिलावा माह्या हातून कधी बसला नाई," ते म्हणायचे. "कुठं लहर नाई, खड्डा नाई. तुह्या पोरीचे डोये दिसतात त्याच्यात."

आज त्यातल्या वीस रुपयांच्या नाण्यावर पांढुरका ठिपका सापडला होता. मी नाणेवाल्याला स्पीकरवर फोन लावला.

"डबी उघडू नका," तो म्हणाला. "त्या सालाचा एकच संच उरलाय माझ्याकडे, तो बदलून देतो. पण नाण्याला बोट लागलं तर घेणार नाही. बोटाचा ठसा पडला की पडलाच."

"ऐकलं ना, मामाजी?"

"ऐकलं."

आतून भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "पैंजण आनले असते तर पोरीच्या पायात वाजले तरी असते. हे काय, नुसतं पाहाचं!"

"पैंजण लहान होतात, रुख्मिणी. हे नाई होत."

मी धम्मदीपाला पाळण्यात टाकून परत आले, तर झाकण उघडं. मामाजींचा अंगठा नाण्यावर.

"मामाजी! काहून उघडली?"

"धूळ असन म्हून पुसून पाह्यलं. अकोल्याची चक्कर वाचली असती."

"पण बोट?"

"माह्या बोटाचा कायचा ठसा पडते?" त्यांनी अंगठा पुढं केला. "मशीनले दिसत नाई, नाण्याले काय दिसन?"

खरंच होतं ते. चुन्यानं, सिमेंटानं त्या अंगठ्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. राशनच्या दुकानात दर महिन्याला मशीन नकार द्यायचं. दुकानदार मदनसिंग हसायचा, "दौलतराव, अंगठा कोन्या भिंतीत सोडून आले?" सगळे हसायचे. मामाजीही हसायचे. मग सासूबाईंचा अंगठा लागायचा आणि मामाजी घरी येईपर्यंत आपलाच अंगठा बघत यायचे.

ठिपका गेला नव्हता. मी नाणं कडेनं धरून उजेडात तिरपं केलं.

ठिपक्याशेजारी अंगठा उमटला होता. मधोमध कोरा, घोटलेल्या भिंतीसारखा. पण कडेला रेघा होत्या. केसाहून बारीक, एकीच्या पोटात एक, वळत गेलेल्या. त्यांना आडवी छेदून गेलेली, थापीनं झालेल्या जुन्या जखमेची खूण.

"हे बघा."

मामाजींनी चष्मा लावला. नाणं इकडं वळवलं, तिकडं वळवलं. मग परक्या माणसाची चौकशी करावी तसं हळूच विचारलं, "हा माहाच हाये?"

"तुमचाच."

"रुख्मिणी! ये वं लवकर."

सासूबाई पिठाचे हात पाठीमागं धरून वाकल्या. "अवं माय! हा तं इथं हाये."

मामाजींच्या चेहऱ्यावरचा उजेड मात्र लगेच उतरला. "पोरीचं नाणं खराब केलं म्या. आता तो बदलून देनार नाई." खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते नाणं पुसायला लागले.

मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. डबीत ठेवलं, झाकण दाबलं. "राहू द्या," म्हटलं. "तिचंच आहे ना? तिला दाखवीन मी."

पुढच्या महिन्यात मी राशनला मामाजी आणि सासूबाईंसोबत गेले. मामाजींनी अंगठा लावला. मशीननं नकार दिला. मदनसिंग हसला, "दौलतराव, सापडला का नाई अजून?"

"सापडला," मामाजी म्हणाले. "घरी हाये."

मग सासूबाईंना पुढं करून ते बाजूला सरकले, आणि दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून ताठ उभे राहिले.