दोन एलमधलं टिंब

चिंतोपंत म्हणजे ठाण्याच्या कोर्टातले पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. जन्मभर खोटे दस्तऐवज हाताळल्यामुळे दुधात पाणी नसलं तरी त्यांना शंका यायची, आज का नाही? भावाची पोरकी मुलगी सुमती त्यांच्या नौपाड्यातल्या घरी लग्नाची झाली होती. तिला कल्याणच्या शंकरभटांचा गुरुदत्त, नवा वकील, सांगून आला, तेव्हा तर पंतांची झोपच उडाली. एवढं चांगलं स्थळ आपण होऊन का आलं?

ते गुपचूप कल्याणला जाऊन आले. शंकरभटांच्या दारावर इंग्रजी पाटी होती. गुरुदत्तचं नाव आणि पुढे एल, एल, बी. तीन अक्षरं, तीन टिंबं.

"भामटा आहे!" घरी येताच ते बायकोवर गरजले. "दोन एलच्या मधे टिंब नसतंच. लॅटिनमधली जोडी ती, कायदे अनेक म्हणून एल दोनदा. पास झालेला माणूस ती फोडेल होय?"

"अहो, त्याला विचारायचं तरी!"

"चोराला विचारू, तू चोर का म्हणून?"

नेहमीच्या रिवाजाने निरोप गेला, पत्रिका जुळत नाही. बोलणी करायला गुरुदत्त घरी आला तेव्हा सुमतीने त्याला दाराआडून पाहिलं होतं. तिची अन्नावरची वासनाच उडाली.

पुढच्याच आठवड्यात पंत पेन्शनच्या कामाला ठाण्याच्या कोर्टात गेले, तर गुरुदत्त सनद घेऊन उभा! जुने वकील म्हणाले, पोरगा आमच्यादेखत पास झालाय. पंतांनी त्याला व्हरांड्यात गाठून पाटीचं विचारलं. तो ओशाळला.

"ते वडिलांनी रंगाऱ्याकडून घालून घेतलं. इंग्रजी त्यांना येत नाही. म्हणाले, बीजाक्षराला बिंदू लागतोच, एक एल उघडा राहिला तर विद्या फळायची नाही. मला पुसवेना."

पंत तसेच कल्याणला धावले.

"भटजी, पत्रिकेचं आम्ही जरा घाईनं बोललो."

"पत्रिका उत्तम जुळते. मीच पाहिली होती," शंकरभट म्हणाले. "तरी तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे मुलीचंच काहीतरी असणार. काय लपवताय?"

पंतांनी घाम पुसत टिंबाची सगळी हकीकत सांगितली. शंकरभटांचा विश्वास बसेना.

"टिंबावरून कोणी स्थळ मोडतं होय? आता खरं काय ते सांगा."

पंतांपाशी खरं तेवढंच होतं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. शंकरभट आत गेले आणि सुमतीची पत्रिका आणून त्यांच्या हातावर ठेवली.