मेन पाडायचा मान

कुंदनला शर्यत जिंकायची नव्हती. जिंकणाऱ्यांची स्वप्नं निराळी असतात, त्यांच्या खुर्च्याही निराळ्या असतात. सुरतेच्या उधन्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, मायच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसणाऱ्या कुंदनला एवढंच हवं होतं, की एकदा तरी लांब पल्ल्याची शर्यत शेवटच्या रेषेपर्यंत न्यावी आणि त्याबद्दल जगात कोणी चकार शब्द काढू नये.

कारण आतापर्यंत जग फार बोललं होतं. ही शर्यत कॉम्प्युटरवरची, गाडी खोटी, रस्ता खोटा, पण तास मात्र खरे. कधी सहा, कधी बारा. एका गाडीला दोन चालक असायचे. एक दमला की त्यानं गाडी पिटमध्ये, म्हणजे रस्त्यालगतच्या थांब्यात, थांबवायची आणि दुसऱ्यानं आपल्या घरून ती पुढे न्यायची. कुंदनचा जोडीदार प्रशांत कतारगामला राहायचा, आठवडाभर हिरे घासायचा आणि सुट्टीच्या दिवशी गाडी घासायचा, बहुतेक वेळा भिंतीला. दोघांनी मिळून नाव घेतलं होतं 'तापी रेसिंग'. नाव ऐकून कुणालाही वाटावं, मागे मोठं गॅरेज असेल. मागे होती ती कुंदनच्या मायची, सरलाबाईंची, टिकल्या चिकटवायला आणलेली साड्यांची गाठोडी.

शर्यत भरवणारी मंडळी दर शर्यतीनंतर एक व्हिडिओ टाकत, 'यादगार क्षण'. त्यात कुणाची कोलांटी, कुणाचा शेवटच्या वळणावरचा ओव्हरटेक असं असायचं. आणि 'तापी रेसिंग' असायची. पहिल्या शर्यतीत कुंदन सगळ्यांच्या पुढे धावत असताना सरलाबाईंनी ठेचा वाटायला मिक्सर लावला, त्याच क्षणी त्याच मीटरवरच्या शेजारणीच्या खोलीत इस्त्री चालू होती, आणि घराची वीज गेली. भर रस्त्यात गाडी उभी राहिली. मागून येणारे तीस-चाळीस जण तिला वळसा घालत गेले. हिंदीत समालोचन करणारा म्हणाला, सुरतवाल्यांची जेवणाची वेळ झालेली दिसते. ते वाक्य कुंदनच्या कामाच्या ठिकाणी महिनाभर घुमत होतं. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन बसवायचा, आणि डबा उघडला रे उघडला की कुणी तरी गाडीचा ब्रेक लागल्याचा आवाज काढायचा.

दुसऱ्या शर्यतीत पाळी प्रशांतची होती. त्याची आई दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत होती आणि त्याचा माइक चालू राहिला होता, एवढ्यावर भागलं असतं. पण आईला भावात हार खाताना ऐकून लेकाला राहवलं नाही. 'कोथिंबीर मफत माग ना,' असं मान वळवून तो ओरडला, आणि गाडी सरळ भिंतीत गेली. कोथिंबीर मिळाली. शर्यत गेली. तो व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला, की प्रशांतच्या भाजीवाल्यालाही तो कुणी तरी पाठवला.

आता नियम असा होता, की लागोपाठ तीन शर्यती अर्ध्यात सोडणाऱ्या टीमला पुढच्या मोसमात जागा नाही. दोन झाल्या होत्या. तिसरी बारा तासांची होती, सकाळी सात ते संध्याकाळी सात.

'बारा तास?' सुपडू आबांनी आदल्या दिवशी जेवताना विचारलं. कुंदनचे वडील तीस वर्षं यंत्रमागावर उभे होते. पारोळ्याकडून आलेल्या या माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टी दोनच वर्गांत बसवता येत, दिवसपाळी आणि रातपाळी. 'सकायना सात ते सांजना सात? ही ते दिवसपाळी शे.'

'हा आबा. तशीच समजा.'

'अनि मशीन मधमा बंद पडाले नको?'

'नको. बंद पडनं का सरनं.'

इथपर्यंत आबांनी मुलाच्या या उद्योगाला कायम 'बिनकामी' असं म्हटलं होतं. पण बारा तास, न थांबणारं मशीन, आणि ते थांबलं तर वाटोळं, एवढं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पालटला. हा खेळ नव्हताच तर. हे काम होतं. बिनपगारी होतं, पण त्याची सवय त्यांना सुरुवातीच्या उमेदवारीपासून होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यालाही सुट्टी होती. खातं म्हणजे कारखाना. सुरतेत आल्यावर हा शब्द त्यांच्या तोंडात बसला तो बसलाच. सहाला उठून आंघोळ करून आबांनी पाळीवर जायचा शर्ट चढवला, मीटरच्या पेटीखाली स्टूल ठेवलं आणि मेन स्विचपाशी बसले. मिक्सर उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. सरलाबाईंना सांगितलं, 'आज ठेचा पाट्यावर वाट.' सरलाबाई म्हणाल्या, पाटा गावी आहे. 'मंग आज ठेचा नको,' आबा म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली, पण ठेच्याशिवायचं जेवण त्या माणसानं स्वतःहून मागितल्याचं सरलाबाईंना आठवत नव्हतं.

शर्यत सुटली. कुंदन पहिले दोन तास सावध होता, गाडीला आणि घराला. पण घराची काळजी करायचं कारणच उरलं नाही. शेजारीण इस्त्री लावायच्या बेतात होती, तिला आबांनी खिडकीतून थांबवलं. आबांचे खात्यावरचे सोबती हिलाल सुट्टीच्या गप्पा मारायला आले, त्यांना जिन्यावरच बसवून चहा पाजला आणि तिथूनच परत पाठवलं. 'पोऱ्या पाळीवर शे,' आबांनी त्यांना हळू आवाजात सांगितलं. हिलाल दबकत जिना उतरले.

दहाच्या सुमारास गाडी पिटमध्ये थांबली, कुंदन उठला, आणि गाडी पुन्हा आपोआप निघाली. आबा स्टुलावरून अर्धे उठले.

'आते कोन चालाडी राहिना?'

'प्रशांत. कतारगामले बठीसन.'

आबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या खात्यावर बदलीचा माणूस येऊन मागाच्या लाकडाला हात लावतो, मगच आधीच्यानं हात काढायचा, अशी रीत होती. इथं बदलीवाला पाच-सहा मैलांवर आणि माग चालूच. 'मानूस इमानदार शे ना पन?' त्यांनी विचारलं. कुंदन म्हणाला, फक्त भाजीवाला यायला नको.

भाजीवाला आला नाही. दुपारी गाडी पुन्हा कुंदनकडे आली, तेव्हा सरलाबाईंनी लेकाला भाकरीचे घास भरवले, कारण त्याचे हात गुंतले होते. चारच्या सुमारास कुंदनच्या पोटरीत गोळा आला. ब्रेक दाबताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं. आबा मिक्सरसकट शिलाई मशीनखाली वाकून बसले आणि पाय चोळू लागले, मात्र एका हातानं; दुसरा मेनच्या दिशेनं रोखलेला होता. कुंदनला एकदम भरून आलं. ज्या माणसानं आजवर त्याच्या खेळाकडे पाठ फिरवूनच जेवण केलं होतं, तो खाली बसून त्याची पोटरी चोळत होता. काही तरी बोलायला हवं होतं, पण समोर वळण आलं.

गाडी अकरावी होती. अकरावी! कुंदनला याहून सुंदर आकडा सुचला नसता. समालोचकानं सकाळपासून त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. कुणी त्यांना विसरलं होतं, कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं, आणि कुंदन मनातल्या मनात देवाला नवस बोलत होता, की हे असंच चालू दे.

सहा वाजून गेल्यावर आबांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं उलटं पळणारं घड्याळ दाखवलं. 'हाई शून्यवर उनं का पाळी सरनी ना?'

कुंदनच्या कानांवर हेडफोन होते. प्रशांत आतून सांगत होता, पेट्रोल पुरेल, फक्त घाई नको. 'हा, हा,' कुंदन म्हणाला. प्रशांतला म्हणाला, की आबांना, ते नंतर त्यालाही नीट सांगता आलं नाही.

आता इथं आबांच्या खात्यातली एक रीत सांगायला हवी. आठवड्यातल्या सुट्टीच्या आधीची पाळी सुटते, तेव्हा बदलीवाला येणार नसतो. माग कुणाच्या हाती द्यायचे नसतात, म्हणून सात वाजले की मेन पाडायचा. सगळे माग एका दमात शांत होतात. हा मेन पाडायचा मान सगळ्यात जुन्या कामगाराचा. गेली काही वर्षं तो सुपडूंकडे होता. शेठ समोर असला तरी त्याच्याकडे न बघता ते घड्याळाकडे बघत, आणि सातच्या ठोक्याला हात खाली. त्यानंतर जी शांतता पसरते, तिच्यात त्यांना तीस वर्षांत कुणी न दिलेली शाबासकी ऐकू यायची.

आणि शर्यतीची रीत निराळी होती. घड्याळ शून्यावर आलं तरी चालू फेरी पुरी करून रेषा ओलांडायची असते. ती ओलांडली तरच शर्यत पुरी केली म्हणायची. हे कुंदनला इतकं माहीत होतं, की दुसऱ्या कुणाला सांगावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

घड्याळ शून्यावर आलं तेव्हा कुंदनला शेवटचं वळण दिसत होतं. त्याच्या पलीकडे सरळ रस्ता आणि रेषा. 'आरामसे, भाई,' प्रशांत म्हणत होता, 'बस, पोचलो.' कुंदननं वळण घेतलं. रेषेवरचे झेंडे दिसू लागले.

आणि पडदा काळा झाला. पंखा फिरता फिरता मंदावला. स्टिअरिंग हातात सैल पडलं. मागे खट्ट असा आवाज झाला होता, तो कुंदनला आत्ता ऐकू आला.

तो वळला. आबा मीटरपेटीपाशी ताठ उभे होते. हात अजून स्विचवर होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे कुंदननं आजवर त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंच नव्हतं.

'सरनी पाळी,' आबा म्हणाले. 'बारा तासमा एक बी धागा नही तुटना.'

कुंदनच्या तोंडात शब्द आला होता आणि तो काही चांगला नव्हता. त्याला रडू फुटायचं बाकी होतं. पण आबांच्या दुसऱ्या हातात मिक्सर होता. सकाळपासून तो माणूस मिक्सर कडेवर घेऊन बसला होता.

'काय रे,' आबांनी विचारलं, 'पुरी व्हयनी ना?'

'हा आबा,' कुंदन म्हणाला. 'पुरी व्हयनी.'

खिशात मोबाईल थरथरत होता. प्रशांत. कुंदननं तो न बघताच बंद केला.

दुसऱ्या दिवशी 'यादगार क्षण'चा व्हिडिओ आला. त्यात यावेळी कोलांट्या नव्हत्या, ओव्हरटेक नव्हते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गाडी होती, रेषेपासून चार गाड्यांच्या अंतरावर येऊन मेल्यासारखी थांबलेली, आणि समालोचक हसून हसून खोकत होता. दुपारपर्यंत प्रशांतचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. भरवणाऱ्यांनी कळवलं होतं, की तीन शर्यतींचा नियम आहे खरा, पण प्रेक्षक 'तापी रेसिंग'शिवाय शर्यत बघायला तयार नाहीत, तेव्हा पुढच्या मोसमात आपण अवश्य यावं. 'भाई, आपण हरूनसुद्धा यांना पाहिजे आहोत,' प्रशांत म्हणाला. 'शू करवानु? जायचं का?'

कुंदनचं लक्ष तिकडे नव्हतं. खात्यावर हिलाल होते, हिलालच्या हातात मोबाईल होता, आणि त्या मोबाईलवर उधन्यातला कुठलाही व्हिडिओ आल्यावाचून राहत नसे.

आबा पाळीवरून आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. आज ताटात ठेचा होता.

'हिलालनी दखाडी तुनी शर्यत,' ते म्हणाले.

कुंदनचा घास हातातच राहिला. 'मंग?'

'भारी पयनी गाडी. समदं खातं दखत व्हतं.'

'शेवट दखा?'

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला. 'शेवटले हिलालना मोबाईलनी बॅटरी सरनी. काही दिसनं नही.'

हिलाल खात्यावर दिवसभर मोबाईल चार्जिंगला लावूनच बघायचे, आणि हे कुंदनला आबांनीच कितीदा तरी वैतागून सांगितलं होतं. सरलाबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि न विचारता भाकरी वाढली.

मग आबांनी विचारलं, 'पुढली कव्हय शे?'

'दिवाळीनंतर.'

'त्या दिन मेन तू पाड.' आबा ताटाकडेच बघत होते. 'ज्यानी मशीन चालाडं, त्यालेच समजस कव्हय सरनं ते.'

'नही आबा,' कुंदन म्हणाला. 'तुम्हीच पाडा. मी हात वर करसू, तव्हय.'

'हात स्टेरिंगवरच ठेव,' आबा म्हणाले. 'ते कानमातलं तेवढं काढी ठेव.'