तळ्यातली टेकडी

आत्याचं डोकं फिरलंय, हे तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, ठरवून टाकलं होतं. डॉक्टरने वार विचारला, तिने सांगितला नाही. वर एकच धोशा: गिरणीमागच्या टेकडीवर विमानांना वाट दाखवणारा दिवा होता आणि त्याचे बल्ब बदलायला ती मनोऱ्यावर चढायची. गिरणीमागे तळं आहे. टेकडी नाही.

"पाण्यात दिवे लावायचीस का गं?" दादा म्हणाला.

सोमवारी तिला वृद्धाश्रमात सोडायचं ठरलं. म्हाताऱ्या बाईला वेडी ठरवायला पुरावा लागतो कुणाला?

मी नकाशे जुळवायची नोकरी करते. वैमानिकांचा जुना नकाशा मिळवला, स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवला. त्यावर दिव्याची खूण म्हणून काढलेली चांदणी पडली तळ्याच्या मधोमध. माझंच चुकलं असेल म्हणून रेल्वेचा पूल धरून पुन्हा बसवला. चांदणी पाण्यातच.

मग तिच्याभोवतीच्या बारीक तपकिरी रेघा दिसल्या. उंचीच्या रेघा, एकात एक आवळत गेलेल्या. म्हणजे टेकडी होती. खडीवाल्यांनी ती खाल्ली, खाली खड्डा केला, खड्ड्यात पाणी साचलं आणि आम्ही शहाणे त्याला तळं म्हणायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घातलं. दादा घुश्श्यात. आत्या मागून बोलतेय, "एक पाय वाकडा बसलाय त्या मनोऱ्याचा. गवंड्याला मी तेव्हाच झापलं होतं."

तळ्याच्या काठाने काटेरी झुडपं तुडवत फिरलो. सापडलं ते दादालाच, तेही ठेच लागून. फुटेना म्हणून खाणवाल्यांनी ढकलून दिलेला काँक्रीटचा चौथरा, आडवा पडलेला. त्यात कापलेले चार लोखंडी पाय. तीन सरळ, चौथा तिरका.

दादा बराच वेळ त्या तिरक्या पायावर हात ठेवून उकिडवा बसला. मग तिथूनच आश्रमाला फोन लावला. "उद्या येत नाही आम्ही. नाही, नंतरही नाही." फोन ठेवल्यावर त्याने एवढा मोठा श्वास सोडला, की मलाच हलकं वाटलं.

"आई, आज वार कोणता?"

"रविवार. नाहीतर तू माझ्याबरोबर कशाला फिरशील?"

"मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"मोबाईलमध्ये डोकं घालून विचारत होता मेला. म्हटलं, त्यातच बघ की."

दादा चौथऱ्यावर बसला आणि डोळे पुसत हसत सुटला.