फुल तिकीट

सोनालीनं लेकीचे शाळेचे बूट उलटे केले आणि तळाला बोट लावून पाहिलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. ईटच्या वेशीपासून भूमच्या स्टँडपर्यंत पोरगी एसटीनं जाते, स्टँडपासून शाळेपर्यंत डांबरी रस्ता. मग खडीची ही धूळ आली कुठून? तिच्या माहितीत अशी धूळ एकाच ठिकाणी होती. भूमच्या अलीकडं अडीच किलोमीटरवर, खडी केंद्राच्या फाट्यावर.

तेरा वर्षं कंडक्टरकी केलेल्या बाईची नजर होती ती. जो माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो त्याच्याकडं तिकीट नसतं, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं. आता तीच नजर घरात फिरायला लागली. समृद्धी नववीत, चौदा वर्षांची. मार्चचं ऊन चटकायला लागलं तरी अंगातला स्वेटर काढत नव्हती. डबा रोज रिकामा यायचा, पण कसा? भाजीचा एक डाग नाही, धुऊन पुसल्यासारखा. जेवणाऱ्याचा डबा असा नसतो. शाळेचं विचारलं की "बरंय" एवढंच.

सोनालीनं दप्तर तपासलं, वह्यांची मागची पानं चाळली. काही सापडलं नाही म्हटल्यावर संशय वाढलाच. नवऱ्याला, वैजनाथला, तिनं सांगितलं तेव्हा तो शेळीसमोर पाला टाकत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला घरातबी बिनतिकिटाचंच माणूस दिसायलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं आगारात माणिकप्पांना गाठलं. ईटची सकाळची गाडी तेच चालवायचे. म्हातारा आधी चहाच्या कपात बघत राहिला. मग त्यांनी सांगितलं की पोरगी चार-पाच हप्ते झाले फाट्यावरच उतरते. एकटीच. त्यांना वाटलं होतं, आईला ठाऊक असेल.

चौदा वर्षांची पोरगी, आडरानातला फाटा. तिथं कुणीतरी उभं राहत असणार. तिनं ड्यूटी बदलून घेतली, घरी एक शब्द बोलली नाही, आणि सकाळी पहिल्या गाडीनं जाऊन फाट्यावरच्या बंद टपरीमागं तोंडाला स्कार्फ बांधून उभी राहिली.

माणिकप्पांची गाडी आली, थांबली. समृद्धी खाली उतरली. मागच्या खिडक्यांतून तीन-चार पोरांची डोकी बाहेर आली, कुणीतरी काहीतरी ओरडलं, हसण्याचा गलका झाला आणि गाडी गेली. फाट्यावर कुणी नव्हतं. समृद्धीनं दप्तरातून डबा काढला, भाजी-भाकरी तिथल्या कुत्र्यापुढं टाकली, बाटलीतल्या पाण्यानं डबा विसळला, ओढणीनं पुसला आणि चालायला लागली.

सोनाली मागोमाग निघाली. एक मोटारसायकल आली, पोरीजवळ हळू झाली. सोनालीनं दगड उचलला. चालवणाऱ्यानं वालवडचा रस्ता विचारला आणि तो निघून गेला. तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं हाक मारली.

समृद्धी वळली. आईच्या हातातल्या दगडाकडं बघत राहिली.

"कुणाची वाट बघायलीस हितं?"

"कुणाची न्हाय."

"मग कामून उतरतीस? खरं सांग."

पोरीनं स्वेटर पोटावर खाली ओढला. मग रस्त्याकडं बघत म्हणाली, "गाडीत पोरं म्हणतेत, बायांना हाफ, हिला फुल. वर्गातबी म्हणतेत. फळ्यावर लिहितेत."

"कोण म्हणतंय? नाव सांग."

"इंद्रजितनं सुरू केलं. आता सगळेच."

"त्याला कुठून सुचलं हे? घरात हेच शिकवतेत का त्याला?"

समृद्धीनं पहिल्यांदा आईच्या डोळ्यांत बघितलं. "तूच म्हणली होतीस, मम्मी. दिवाळीनंतर. त्या मावशीला."

सोनालीला आठवायला वेळ लागला नाही. दिवाळी झाल्यावर, संक्रांतीच्या आधीची गोष्ट. गाडी खच्चून भरलेली, आणि एक जाड बाई दोन पिशव्या घेऊन दोघींची जागा अडवून बसलेली. सोनाली म्हणाली होती, "मावशी, बायांना हाफ आसतंय, पण तुमाला फुलच फाडावं लागतंय." अख्खी गाडी हसली होती. ती बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली होती. सोनालीनं घरी येऊन वैजनाथलाही तो किस्सा रंगवून सांगितला होता. त्या दिवशी मागच्या सीटवर ईटची पोरं होती. त्यांच्यातच समृद्धी होती.

तिनं दगड खाली टाकला. प्रवाशांशी, डेपोतल्या साहेबांशी, सासूशी, कुणाशीही भांडताना तिनं कधी माघार घेतली नव्हती. "माझं चुकलं," ती म्हणाली. दोघी उरलेला रस्ता चालत शाळेपर्यंत गेल्या.

सोनाली वर्गशिक्षकांना भेटली. पोरं चेष्टा करतातच, आपण बघू, असं ते म्हणाले. 'बघू' म्हणणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. इंद्रजितला बोलावून सरांनी समोर विचारेपर्यंत ती खुर्चीतून उठली नाही. त्यानं मान खाली घालून कबूल केलं, पुन्हा म्हणणार नाही म्हणाला, पण तिला ते खरं वाटलं नाही.

शाळेचे पुढचे तीन दिवस, मधला रविवार सोडून, ती लेकीबरोबर गाडीत बसून भूमला गेली आणि तिथून ड्यूटीवर. पहिल्या दिवशी गाडी सुटल्यावर ती उठून मागं गेली. पोरांना वाटलं, आता शिव्या बसणार. ती म्हणाली, "त्या दिवशी म्या एका बाईला बोलले ते घाण बोलले. हसले ते समदे चुकले, पण आधी म्या चुकले. आता ते कुणाच्या तोंडून निघायचं न्हाय." कुणी हूं का चूं केलं नाही. पण ही शांतता तिला पसंत पडली नाही. तिन्ही दिवस ती कान टवकारून बसली, कुणी खोकलं तरी मागं वळून बघायची.

चौथ्या दिवशी पहाटे डबा भरताना समृद्धी म्हणाली, "आज येऊ नको."

"कामून? कुणी काय बोललं?"

"तू आसलीस की गप बसतेत. तू नसताना काय करतेत, ते मला बघायचंय."

"आन म्हणले तर?"

"तर म्हणतील. म्या स्टँडवरच उतरणार." तिनं डब्याचं झाकण दाबलं. "आन माझा डबा हुंगत बसू नको."

तिनं स्वेटर घातलेला होताच. सोनालीनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

त्या दिवशी तिला तुळजापूरची गाडी होती. मंगळवार, देवीचा वार, तुळजापूरच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. परतीची गाडी फलाटाला लागल्यावर ती दाराशी उभी राहिली आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. माणिकप्पांची गाडी भूमला पोहोचून बराच वेळ झाला असणार. एक फोन केला की पोरगी कुठं उतरली ते कळलं असतं. तिनं नंबर काढला. अंगठा त्यावर तसाच राहिला. माणिकप्पा खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी लगेच सांगितलं असतं.

कुणीतरी विचारलं, गाडी कधी सुटणार. तिनं फोन खिशात टाकला. वर चढली, दार ओढून घेतलं आणि दोरी ओढून घंटी दिली. लेक कुठं उतरली ते तिला कळलं नव्हतं, आणि संध्याकाळीही विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

गाडी गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. सोनाली पहिल्या सीटपाशी गेली आणि म्हणाली, "बोला, कुठलं तिकीट?"