अर्धा इंच

गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याच्या कमरेचं माप नजरेनंच घेतलेलं असायचं. टेप लावायची ती आपली समोरच्याच्या समाधानासाठी. "पोट आत ओढू नका शेठ, उद्या पँट खरं बोलेल," असं ते म्हणत आणि भलेभले वरमून श्वास सोडत. अशा माणसाने स्वतःच्या बाबतीत मोबाइलवरच्या कुठल्या तरी दंड फुगवलेल्या पठ्ठ्याचं ऐकावं, याला काय म्हणावं! पण मनात एकदा लाज शिरली की अक्कल चरायला जाते, मग माणूस शिंपी असो नाहीतर न्यायाधीश.

ही लाज शिरली एका पँटीतून. मास्तरांचं लग्न उशिरा झालं, चाळिशी उलटल्यावर, आणि बायको विधवा होती. तिचा पहिला नवरा ट्रक चालवायचा. संसार बरा चालला होता, दोघं एकमेकांना हसवतही होती. एक दिवस तिने ट्रंकेतून त्या माणसाची पँट काढली. "कापड चांगलं आहे हो, वाया कशाला घालवायचं? तुमच्या मापाची करून घ्या," असं ती सरळ मनाने म्हणाली. मास्तरांनी पँट टेबलावर पसरली. कमरेला ऐसपैस, मांडीला त्याहून ऐसपैस. शिवण उसवता उसवता त्यांनी त्या माणसाचं सगळं माप मनातल्या मनात बेतून टाकलं. पँटीवरून जे कळत नाही तेसुद्धा.

त्या दिवसापासून ते पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानातच, शिलाई मशीनशेजारी गादी टाकून झोपू लागले. काम तुंबलंय, पहाटे उठावं लागतं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. पहाटे ते खरंच उठायचे, पण न्हाणीघराची कडी लावून मोबाइलवरच्या पठ्ठ्याने शिकवलेला व्यायाम करायला. दंड व्यायामाने वाढतो, छाती वाढते, मग तेवढंच का वाढू नये, असा त्या पठ्ठ्याचा सवाल होता. मास्तर दात-ओठ खाऊन ओढत होते. दुखायचं, पण दुखतंय म्हणजे लागू पडतंय, अशी त्यांनी समजूत करून घेतली. आधी फरक दिसू दे, मगच आतल्या खोलीत पाऊल टाकायचं, हे त्यांचं ठरलेलं. नुसते कच्चे टाके घातलेलं काम शिंपी गिऱ्हाइकाला दाखवतो का?

आणि एका पहाटे फरक दिसला. अर्धा इंच! मास्तरांनी पुन्हा टेप लावली. अर्धा इंचच. रोज गळ्यात असायची तीच ही टेप. ती साबणाने धुतली की नाही ते विचारू नका. त्या दिवशी मास्तर मशीनवर गुणगुणत होते. नेमका त्याच आठवड्यात बँकेतला कॅशियर नवी पँट घालून हसत आला. "मास्तर, कमरेत ढिली होतेय बघा! चालायला लागलोय ना सकाळी, परिणाम दिसतोय." मास्तर मनापासून म्हणाले, "व्यायामाला पर्याय नाही, साहेब."

बायको मात्र हसेनाशी झाली होती. एका दुपारी काजं करता करता मान वर न करता ती म्हणाली, "रविवारी भाऊ येतोय. मी जाते त्याच्याबरोबर. परत यायचं की नाही, ते तुम्ही सांगा."

"असं काय बोलतेस? काम आहे म्हणून..."

"कामाचं मला सांगू नका. काजं मीच करते ना? किती काम आहे ते कळतं मला."

आता थोडक्यात गाडी अडायला नको म्हणून मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम केला. तिसऱ्या दिवशी तो भाग काळानिळा पडला आणि मास्तरांना घाम फुटला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ते चार गल्ल्या सोडून एका दवाखान्यात गेले.

डॉक्टर म्हातारे होते आणि भिडस्त मुळीच नव्हते. तपासून त्यांनी हात धुतले. "हा उद्योग कधीपासून?"

मास्तरांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं.

"ऐका. दंड वाढतो कारण तो स्नायू आहे. हा स्नायू नाही. ओढून वाढत नाही, दुखावतो. कायमचा वाकडा होऊन बसला म्हणजे? ओटीपोटाच्या खालचे स्नायू आवळायचे व्यायाम असतात, त्यांनी थोडी ताकद येऊ शकते, तीही सगळ्यांना नाही आणि लगेच नाही. लांबीरुंदीशी त्यांचा संबंध नाही. आणि तुम्हाला गरजच काय? चारचौघांसारखे आहात. माझ्याकडे या कारणासाठी येणारे बहुतेक सगळे चारचौघांसारखेच असतात."

"पण फरक पडलाय डॉक्टर," मास्तर हळूच म्हणाले. "अर्धा इंच. मी शिंपी आहे, मापात चुकत नाही."

"मग टेप बदला," डॉक्टर म्हणाले आणि मलम लिहून दिलं.

मास्तर घरी परतले ते मनात डॉक्टरलाच नावं ठेवत. सोनाराने कान टोचले तरी ऐकू येणं वेगळंच असतं. दुकानात शाळेतले सर बसले होते आणि बायको त्यांच्या पँटीच्या कमरेत बोट घालून बघत होती.

"मास्तर, ही पण ढिली," सर म्हणाले. "आणि मी काही कॅशियरसारखा चालतबिलत नाही."

"राहू द्या, संध्याकाळी आवळून देते," म्हणून बायकोने सरांना वाटेला लावलं. मग ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या गळ्यातल्या टेपचं टोक तिने हातात घेतलं. "चूक माझी आहे. टोक झिजून फाटलं होतं. मी तेवढं कापलं आणि पितळी टोपी परत दाबून बसवली. अर्धा इंच असेल. सांगायचं राहूनच गेलं. टेप तेव्हापासून सगळं जास्त दाखवतेय, हे मला आत्ता सरांची पँट बघून कळलं."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत त्यांचं तोंड तापलं. हाच तो अर्धा इंच. डॉक्टरांचं 'टेप बदला' आत्ता त्यांना ऐकू आलं.

"अहो, एवढं काय झालं? दोन पँटी तर आहेत."

गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकायची तर रविवारी ही जाणार, आणि तिला शेवटपर्यंत वाटणार की... काय वाटणार, हे मास्तरांनी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं. त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि सांगून टाकलं. ट्रकवाल्याची पँट, मोबाइल, न्हाणीघर, दवाखाना, अर्धा इंच. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं. शरमेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ही हसेल, आणि हसली तर आपण मेलो, असं त्यांना वाटत होतं.

ती हसली नाही. ती समोरच्या पाटावर बसली. "तो माणूस मला कधी आवडला की नाही, हे तरी विचारायचं होतंत," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच जाड झालेय. तुम्हाला बघवत नाही, म्हणून तुम्ही बाहेर झोपता. रात्रीचं जेवण सोडलं मी. तुम्ही झोपलात की कंबर मोजायची. टेपचं टोक माझ्याच हातात फाटलं. नंतर बघते तर कंबर कमी होईना, उलट वाढलेली. मग सकाळचंही सोडलं."

मास्तरांनी मान वर केली. तिच्या अंगात निळा ड्रेस होता, लग्नानंतर त्यांनीच शिवलेला, अंगासरसा बसणारा. आता तो खांद्यांवरून ओघळत होता. दोन्ही बाजूंना आतून हाताने टाके घालून तो आवळलेला होता, एकदा नाही, दोनदा. रोज तो त्यांच्या डोळ्यांसमोर वावरत होता.

"दारातून येणाऱ्या परक्याची कंबर तुम्ही नजरेनं सांगता," ती म्हणाली. "माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत?"

मघाशी आलेली शरम या शरमेपुढे काहीच नव्हती. मास्तरांनी टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवली, स्वयंपाकघरात गेले आणि दोन ताटं घेतली.