बटाटे घेऊन ग्रीसला

माझ्या नवऱ्याला नीट दिसत नव्हतं, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. गाव मला सांगत नव्हतं, मी नवऱ्याला विचारत नव्हते.

आम्ही डच, त्यातून ड्रेन्थची माणसं, तोंडावर बोलतो म्हणून मिरवतो. शेजारची फेना कुंपणापाशी उभी राहून सांगेल, हिले, हा कोट तुला अजिबात शोभत नाही. डॉक्टर सांगेल, बाई, तुम्ही फार खाता. मयताच्या कॉफीलाही कुणीतरी म्हणेल की मेलेला माणूस चिक्कू होता. कोणी कोणाला सोडत नाही. पण जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला ‘रूल्फ, तुला दिसत नाही’ एवढे चार शब्द म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. म्हणजे खरं बोलायची हौस आहे ती फक्त कोटापुरती.

रूल्फने आयुष्यभर शेतातून स्टार्चच्या कारखान्यात बटाटे वाहिले. निवृत्त झाल्यावरही हंगामात मदतीला जायचा. परदेश म्हणाल तर जर्मनीच्या हद्दीपर्यंत, तेही पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून. मी पुठ्ठ्याच्या कारखान्यात होते. आमची जमीन टेबलासारखी सपाट. उंच म्हणजे कालव्यावरचा पूल. मला एकदा डोंगर बघायचा होता. फोटोतला नाही, चढताना गाडी कण्हेल असा. आणि त्याच्या पलीकडे निळा समुद्र, आमच्या चिखलासारखा राखाडी नव्हे. हे मी बोलून गेले आणि रूल्फने बेकरीची एक जुनी गाडी विकत घेतली, आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. कॅम्पर तयार झाला. ग्रीसला जायचं ठरलं.

सगळा हिवाळा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. जेवण आम्ही मांडीवर ताटं घेऊन करायचो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, मग किनाऱ्याने खाली. रूल्फ म्हणायचा, नावं तू वाच, रस्ता मी डोक्यात ठेवतो. मी वाचायचे, आणि तो खरंच ठेवायचा. कुठल्या गावानंतर कुठला फाटा, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. हल्ली नकाशे बारीक छापतात, कागद वाचवतात हरामखोर, असं तो म्हणायचा. मग त्याचे नियम सुरू झाले. दुपार कलली की मुक्काम. बोगदा असेल तर वळसा. पावसात गाडी काढायची नाही. मी म्हटलं, अशाने ग्रीसला पोचेपर्यंत माझा डोंगर झिजून जाईल. तो हसला नाही.

त्याने फेनाच्या फाटकाचा खांब पाडला तेव्हा म्हणाला, खांबच सरकवलाय बाईने. फेनाने गुपचूप नवा खांब रोवला. माझ्या कोटावर बोलणारी बाई खांबावर एक शब्द बोलली नाही.

आणि ती कॅम्परवाल्यांची मासिकं. प्रत्येक पानावर तळ्याकाठी बसलेलं जोडपं, हातात वाइन, दात पांढरेशुभ्र. गादी कुठली घ्यावी, संडासाची टाकी कशी धुवावी, सगळं छापतात. चालवणाऱ्याला दिसत नसेल तर काय करावं, यावर एक ओळ नाही. त्याने गाड्या खपत नाहीत ना.

मला जायचं होतं, आणि जिवंत परत यायचं होतं. दोन्ही मिळून मागितलं तर फार होतंय की काय, असं वाटायला लागलं होतं. घाटातल्या वळणाची स्वप्नं पडायची. स्वप्नात रूल्फ गाडी चालवत असायचा आणि गाणं म्हणत असायचा.

मार्च लागला आणि त्याने गाडी भरायला घेतली. आमच्याकडे प्रवासाला निघताना घरचं खाणं नेतातच. फेना स्पेनला जाताना दोन महिन्यांची कॉफी घेऊन गेली होती, जणू तिकडे लोक चिखल पितात. बटाटे तर हवेतच. परमुलखातला बटाटा मेणचट असतो, कुस्करला तरी वर ओतलेला रस्सा पीत नाही. तेव्हा एक पोतं मी समजू शकते. रूल्फने एक पोतं पलंगाखाली ठेवलं. मग दुसरं. मग एक न्हाणीत उभं केलं. मग घेवड्याच्या बरण्या, ट्रकचा जुना जॅक, वाळूचं पोतं, कुठेतरी चाक रुतलं तर म्हणून. मी म्हटलं, आपण ग्रीसला चाललोय की तिथे शेती करणार आहोत? तो म्हणाला, तुला त्यातलं कळत नाही. आणि आणखी एक पोतं घेऊन आला.

तसा मला त्यातलं एक नक्की कळत होतं. कॅम्पर साडेतीन टनांच्या वर जाता कामा नये. ऑस्ट्रियात पोलीस हात करतात, बाजूला घेऊन वजन करतात, आणि जास्त भरलं तर रस्त्याच्या कडेला सामान उतरवायला लावतात. म्हणून निघायच्या आधी भरलेली गाडी काट्यावर नेऊन बघायची, असा इथल्या कॅम्परवाल्यांचा रिवाज आहे. आमच्या गावचा काटा म्हणजे शेतकरी संघाचा, बटाट्याच्या ट्रकांचा. तिथे बेरेंड बसतो. रूल्फने त्या काट्यावर जन्मभर गाड्या लावल्या. झोपेत लावेल, असं लोक म्हणायचे.

एका सकाळी निघालो. रूल्फ चालवत होता, मी उजवीकडे, आमच्याकडे स्टीअरिंग डावीकडे असतं. ट्रकवाल्याची बायको उजवीकडेच बसते, तिला स्वतःचा परवाना असला तरी. कारखान्यात मी रोज माझ्या छोट्या गाडीने जायचे, पण रूल्फ सोबत असला की चाव्या त्याच्याकडे. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी मी वाटभर तो दाबत होते. गावातला रस्ता त्याला पाठ आहे, त्यामुळे तो बरा चालवत होता. तो काट्यावर चढला, थांबला, इंजिन बंद केलं.

बेरेंडच्या खोलीबाहेरच्या कर्ण्यातून आवाज आला. “वजनात बसलं की रे. भरपूर जागा आहे, सासूला पण घेऊन जा.”

रूल्फ खूश व्हायला हवा होता. त्याचा चेहरा उतरला. त्याने काच खाली केली आणि म्हणाला, पुन्हा बघ.

“बघितलं. जा ग्रीसला, माझा वेळ खाऊ नको.”

रूल्फ स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच बसला. मागे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. मी विचारलं किती भरलं, आणि बेरेंडने आकडा सांगितला. मी पुठ्ठ्याच्या कारखान्यात गठ्ठे मोजले आहेत, आकड्यांशी माझं जमतं. गाडी घेतली तेव्हा ती याच काट्यावर रिकामी मोजली होती, आणि तेव्हा ती यापेक्षा जड होती. बटाटे घालून गाडी हलकी होत नाही. तसं असतं तर मी जन्मभर बटाटेच खाल्ले असते, म्हणजे ते तसेही खाल्लेच आहेत.

मी खाली उतरले. माझ्या बाजूचं मागचं चाक काट्याच्या पत्र्यावर नव्हतंच. ते बाजूच्या सिमेंटवर उभं होतं, कडेपासून चांगलं हातभर बाहेर. गाडीचा अख्खा एक कोपरा जमिनीने तोलला होता.

मी वळसा घालून त्याच्या खिडकीशी गेले.

“रूल्फ, चाक बाहेर आहे.”

तो समोर बघत राहिला. मग म्हणाला, “कुठलं?”

या काट्यावर जन्म गेलेल्या माणसाने ते विचारावं. तो उतरला, गाडीच्या अंगावर हात टेकत मागे गेला, आणि बुटाच्या टोकाने पत्र्याची कड चाचपली. कड सापडल्यावर तो थांबला. वारा एवढा होता की आमच्या दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने येत होतं, दुसरं काही समजू नका.

“किती दिसतं तुला?” मी विचारलं.

“कडेचं दिसतं. मधलं नाही. चष्म्यावर अंगठ्याचा ठसा असावा तसं, पुसला तरी जात नाही. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात.”

“आणि तोंड?”

“तोंड ऐकू येतं. दिवसभर.”

मला हसू आलं आणि त्याच्या कानाखाली मारावीशीही वाटली. मी म्हटलं, मग मला घेऊन घाट कसा उतरणार होतास?

“उतरणारच नव्हतो.” तो गाडीच्या मागच्या दाराला टेकला. “तुला डोंगर बघायचा होता. हिवाळाभर तू ती नावं वाचत होतीस. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? म्हटलं, काटाच म्हणेल. म्हणून तर एवढे बटाटे.”

म्हणजे तो गाडी जड करत होता ती जायचं रद्द व्हावं म्हणून. बटाट्यांनी त्याच्या वतीने नाही म्हणावं म्हणून. आणि ज्या डोळ्यांपायी हे सगळं केलं, त्याच डोळ्यांनी चाक बाहेर ठेवून काट्याकडून हो म्हणवून घेतलं. असा मूर्ख माणूस मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. दुसरी मी.

तेवढ्यात बेरेंड बाहेर आला. चाकाकडे बघितलं, मग रूल्फकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. म्हणाला, चुकलंच माझं. हंगामात मी दोन्ही बाजूंना पांढरे ड्रम ठेवायचो, रूल्फला अंदाज यावा म्हणून. हंगाम संपल्यावर उचलून ठेवले. आज लक्षातच आलं नाही.

मी म्हटलं, “काय ठेवायचास?”

“ड्रम.”

“म्हणजे तुला माहीत होतं. हा भरलेला ट्रक घेऊन शाळेच्या रस्त्याने येत होता, पोरं सायकलवरून जात होती, आणि तू ड्रम ठेवलेस. रस्त्याने पण ठेवायचेस ना, शाळेपर्यंत.”

बेरेंड म्हणाला, गावातला माणूस, त्याला कसं बोलायचं. मी त्याला सांगितलं, माझ्या कोटावर कसं बोलता तसं. त्याला ते कळलं नाही, कारण कोटावर बोलली होती फेना. रूल्फ एकदम राखेसारखा दिसायला लागला. पोरांचा विचार त्याने आधी केला नव्हता असं नाही. केला होता. म्हणून तो रात्री झोपत नव्हता, आणि मला वाटत होतं गुडघा दुखतोय.

मग त्याने खिशातून चाव्या काढल्या आणि हात पुढे केला. माझ्या थोडासा डावीकडे, पण केला.

काय सांगू. एवढी रागावलेली होते मी, आणि तरी हायसं वाटलं. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पडल्याचा आवाज येतो. ट्रॅक्टरवाला मागून ओरडला, लग्न लागतंय की काय. बेरेंडने त्याला हात दाखवून थांबवलं.

रूल्फ म्हणाला, तुझी गाडी छोटी, ही मोठी आहे. मी म्हटलं, ही पावाची गाडी आहे. बेकरीवाल्याची मुलगी एका हाताने चालवायची, दुसऱ्या हातात सिगारेट असायची. बसले. सीट पुढे ओढली. मागे घेऊन काट्यावर लावायला मला तीन खेपा लागल्या आणि बेरेंडने दोनदा डोळे मिटून घेतले, पण चारी चाकं पत्र्यावर आली. काट्याने खरं सांगितलं. साडेतीन टनांच्या कितीतरी वर.

तिथेच उतरवायला घेतलं. ट्रॅक्टरवालाही खाली उतरून लागला कामाला, त्याशिवाय त्याचा नंबर येणार नव्हता. वाळू गेली, जॅक गेला, बरण्या गेल्या. बटाट्यांची तीन पोती बेरेंडला दिली, ड्रमची शिक्षा म्हणून. वर्षभर बटाट्यांकडे बघूनही तो ती घेऊन खूश झाला, त्यावरून ओळखा आमचा मुलूख. रूल्फ एक पोतं धरून उभा होता. म्हणाला, एक तरी राहू दे, हिले. ग्रीसमध्ये मेण खायला लावू नको. मी म्हटलं, एक. पण आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग ग्रीस. आणि तुझे मुक्कामाचे नियम आता मी ठरवणार, बोगद्यातून जाणार, पावसात जाणार. तो हो म्हणाला. एवढ्या पटकन हो म्हणणारा रूल्फ मी लग्नातही बघितला नव्हता.

परत निघालो. तो उजवीकडे बसला, हातांचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून ते पोतं मांडीवर घेतलं. कालव्याच्या कडेने रस्ता सरळ जातो. गाडी माझ्या हातात जरा डोलत होती. थोड्या वेळाने मी बघितलं तर त्याने मान मागे टाकली होती, डोळे मिटले होते, आणि चेहरा असा सैल पडला होता की मला वाटलं झोपला. बऱ्याच दिवसांनी तो असा दिसत होता. मी मनातल्या मनात घाट चढायला लागले.

“उजवं चाक कडेला जातंय तुझं,” तो म्हणाला.

“डोळे मिटून काय दिसतंय तुला?”

“दिसत नाही. ऐकू येतंय. गवत लागतंय.”

मी आरशात बघितलं. खरंच चाक गवतात होतं. मी गाडी रस्त्यावर घेतली.