पहिला कागद महाराजांचा

मित्रांनो, वडशाच्या या गोदामात धानाच्या पोत्यांमागे पडलेलं लोखंडाचं धूड म्हणजे मी. पायाने चालवायचं, छपाईचं जुनं ट्रेडल मशीन.

एके काळी काय तोरा होता माझा! हिवाळा आला की झाडीपट्टीतल्या नाटकांची पत्रकं माझ्यावरच निघत. वामनराव पाय मारत आणि त्यांची बायको केसरबाई शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत असे. शिवाय आमचं एक साप्ताहिक होतं. केसरबाईने आमच्या भागातल्या एका महाराजांची माळ घातली होती, त्यांची शिष्या होती ती. छापलेल्या प्रत्येक कामाचा पहिला कागद ती भिंतीवरच्या महाराजांच्या फोटोपुढे ठेवायची. लेकीची, चंदाची, लग्नपत्रिकासुद्धा तिने तशीच ठेवली.

त्याच वर्षी, शहाऐंशी साली, महाराजांवरचा आयकर चुकवल्याचा खटला चंद्रपूरला सुरू होता. वामनराव प्रत्येक तारखेला एसटीने जात आणि ऐकलं तेवढंच लिहीत. लोक अंक हातोहात नेत, वर वामनरावांनाच शिव्या देत. चंदाचे होणारे सासरे इसरूभाऊ महाराजांचे मोठे भक्त. पण तेही सोसत होते. "पेपरवाल्याचं कामच हाय थे," म्हणायचे.

शेवटी महाराजांना शिक्षा झाली. ती बातमी जुळवताना केसरबाई रडत होती. अहो, किती रडावं माणसानं! पण एक अक्षर गाळलं नाही तिने. पहिला अंक निघाला आणि रीतीप्रमाणे तिने तो फोटोपुढे ठेवला. नेमके तेव्हाच इसरूभाऊ दारात आले.

"त्याईचीच बदनामी त्याईच्याच पायापाशी? लगन मोडलं समजा, बाई!"

"पयला कागद त्याईचाच असते, भाऊ. खोटं असतं तं ठेवला असता का मी?"

इसरूभाऊ थांबले नाहीत.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्नाच्या दिवशी सिंदेवाहीकडचे दूरचे पाहुणे आहेर घेऊन आले. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. चंदा त्यांना पाणी देत होती, "बसा ना मामाजी," म्हणत होती. मी लोखंडाचं खरं, पण माझंही काळीज तुटलं हो.

पुढे महाराज अपील करून जामिनावर सुटले, त्यांची मिरवणूक निघाली. नाटकवाल्यांनी कामं दुसरीकडे नेली. साप्ताहिक बंद पडलं आणि वामनरावांनी मला विकलं.

मित्रांनो, मला आता तेलपाणी नको, माझं वय झालं. पण तुमच्या गावात कोणी खरी बातमी छापत असेल, तर नुसता अंक घेऊन घरी जाऊ नका. त्याच्या लेकीच्या मांडवात जाऊन बसा. त्या दिवशी चंदाच्या दारी वडशातलं कोणीच आलं नव्हतं.